निर्गुडी मांडीला चालेल, पुडी पोटात नको

वाचकांचं पत्र

नमस्कार डॉक्टर ताई,
मी छत्रपती संभाजीनगरला राहते. वय ४१, शाळेत शिकवते. चार महिन्यांपासून आम्ही पाच-सहा जणी पहाटे सायकल चालवतो. गेल्या रविवारी पहिल्यांदाच म्हैसमाळ गाठलं, जाऊन-येऊन ८० किलोमीटरच्या आसपास. वर पोचले तेव्हा आनंदानं रडूच आलं. पण सोमवारी मांड्या भरून आल्या आणि मंगळवारी शाळेचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. सासूबाई म्हणाल्या, "निर्गुडीचा पाला बांधून शेक घे, दोन दिसात उतरंल." एका मैत्रिणीनं अश्वगंधाच्या गोळ्या दिल्यात, त्या अजून उघडल्या नाहीत. ग्रुपमधल्या एकीच्या भावानं आठवडी बाजारातून 'अस्सल जडीबुटी'च्या पुड्या आणल्या होत्या. त्यातल्या दोन घेतल्या आणि खरं सांगते, तासाभरात पाय हलके झाले. रात्री हळदीचं दूध चालूच आहे. मला सहा वर्षांपासून थायरॉइडची गोळी आहे. यातलं नेमकं काय घेऊ? आणि उजव्या गुडघ्याच्या वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं, त्याला काय लावू?
– एक सायकलवाली शिक्षिका

ताई, आधी मनापासून अभिनंदन. दौलताबादचा घाट, खुलताबाद आणि त्यापुढचा म्हैसमाळचा चढ मीही सायकलनं चढले आहे. वर पोचल्यावर डोळे का भरून येतात ते मला सांगायला नको.

तुमच्या पत्रातल्या पुडीचं आधी बोलते, कारण बाकीचं सगळं दोन दिवस थांबलं तरी चालेल. ती पुडी आजपासून बंद.

मी आयुर्वेदाची पदवी घेतली आणि २२ वर्षं त्याच पदवीवर दवाखाना चालवते आहे. झाडपाल्यावर माझा विश्वास आहे, म्हणूनच ठामपणे सांगते: भरून आलेल्या मांड्या तासाभरात हलक्या करील अशी मुळी, साल किंवा पाला मला माझ्या शास्त्रात भेटलेला नाही. आमची औषधं सावकाश चालतात. तासाभरात गुण देणाऱ्या बिनलेबलच्या पुडीत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक, नाहीतर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड कुटून मिसळलेलं असतं. वरून सुंठ-ओव्याचा वास येतो आणि आत गोळ्यांची भुकटी असते. ही भेसळ आपल्या देशात तपासण्यांमधून वारंवार उघडी पडली आहे.

माझ्याकडे गंगापूरकडचे पन्नाशीतले एक शेतकरी आले होते. गुडघ्यांसाठी दीड वर्ष बाजारातल्या पुड्या घेत होते. पहिले काही महिने त्यांना वाटलं, देव भेटला. मग चेहरा गोल दिसायला लागला, वजन वाढलं, घरात कुणालाच नसलेली साखर निघाली. कुणीतरी रागावलं म्हणून त्यांनी पुडी एका दिवसात सोडली आणि चौथ्या दिवशी उठून बसता येईना, रक्तदाब खाली गेला. बाहेरून इतके दिवस स्टेरॉइड मिळाल्यामुळे त्यांच्या शरीरानं स्वतःचं बनवायचं जवळजवळ सोडून दिलं होतं. वेळेवर दवाखान्यात दाखल झाले म्हणून वाचले.

तुम्ही दोनच पुड्या घेतल्यात, त्यामुळे थांबवायला काहीच हरकत नाही. पण ज्यांच्याकडून पुड्या आल्या त्या घरात कुणी महिना-दोन महिने रोज घेत असेल, तर त्यांनी ती एकदम तोडू नये. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जावं. एवढा निरोप माझ्यातर्फे नक्की द्या. आणखी एक. पुडीत वेदनाशामक असेल आणि तुम्ही घाम गाळून, पाणी कमी पिऊन आलेल्या असाल, तर ते थेट मूत्रपिंडावर येतं. मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळीलाही हेच लागू. लांब राइडच्या आधी किंवा मधे 'दुखू नये म्हणून' गोळी टाकायची सवय काही सायकलवाल्यांना असते. ती लावून घेऊ नका.

आता मांड्यांकडे वळू. सोमवारी दुखलं, मंगळवारी जास्त दुखलं. हे अगदी ठरल्यासारखं होतं. नेहमीच्या ताकदीबाहेरचं काम केलं की स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, तिथे सूज येते, दुरुस्ती सुरू होते. हे दुखणं २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि चार-पाच दिवसांत उतरतं. 'लॅक्टिक ॲसिड साचलं' असं जिममध्ये सांगतात, ते बरोबर नाही. जोराच्या कष्टात जे लॅक्टेट वाढतं, ते थांबल्यावर साधारण तासाभरात रक्तातून कमी होऊन जातं. मंगळवारच्या जिन्यापर्यंत ते टिकत नाही.

यातली एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली तिथे आहे. हे दुखणं काहीही न करता चौथ्या-पाचव्या दिवशी जातंच. मग तिसऱ्या दिवशी जे लावलं किंवा घेतलं असेल, त्याला श्रेय मिळतं. पुढच्या वेळी तोच चढ चढलात तर आणखी कमी दुखेल, कारण एकदा असं दुखून गेलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच कामाला बराच सरावलेला असतो. तेव्हा जी गोळी चालू असेल ती 'लागू पडली' असं वाटेल. म्हणून माझं मोजमाप साधं आहे: उतरणाऱ्या दुखण्यासाठी जे करायचं, त्यानं अपाय तरी होता कामा नये. आराम मिळाला तर उत्तमच.

या मोजमापात तुमच्या सासूबाई पहिल्या नंबरानं पास होतात.

निर्गुडी आपल्याकडे ओढ्याकाठी, बांधावर उगवते. एका देठाला तीन किंवा पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढरट, निळसर जांभळी बारीक फुलं, आणि पान चुरगळलं की उग्र वास. दोन-तीन मुठी पाला आणा, धुऊन पुसा, लोखंडी तव्यावर दोन चमचे तिळाच्या तेलात मऊ होईपर्यंत परता आणि जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधा. आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, तिथे सोसवली तरच मांडीला. एकेका मांडीला दहा-पंधरा मिनिटं, गार झाली की पुन्हा तव्यावर. पंचकर्मात याला पत्रपोटली म्हणतात आणि त्याचे बरेच पैसे घेतात. तुमच्या घरी ते शेगडीवर होतं. आराम पडतो तो मुख्यतः उबेमुळे. तिथला रक्तपुरवठा वाढतो, आखडलेला स्नायू सैल होतो. निर्गुडीच्या पानांचा सूज उतरवण्याचा गुण प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसला आहे, माणसांवरचा भक्कम पुरावा मात्र शेकाचा आहे. म्हणजे एखाद्या दिवशी पाला मिळाला नाही तर गरम पाण्याची पिशवी घ्या, फार काही बुडत नाही. पण सासूबाई स्वतः पाला खुडून आणत असतील, तर त्या शेकात जे आहे ते रबराच्या पिशवीत नाही. घ्या तो शेक.

शेकाच्या आधी तेल. घाण्याचं तिळाचं तेल कोमट करून, घोट्याकडून मांडीकडे म्हणजे हृदयाच्या दिशेनं, एकेका पायाला दहा मिनिटं. अंगठे रुतवून 'गाठ फोडायची' नाही; इजा झालेल्या तंतूंना पुन्हा इजा कशाला? महानारायण तेल असेल तर वापरा, नसेल तर त्यासाठी खर्च करू नका. मालिशानं हे दुखणं थोडं कमी होतं असं आधुनिक अभ्यासही सांगतात. थोडंच, पण खरं. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्यानं तर व्यायामाच्या प्रकरणातच सांगून ठेवलंय की व्यायाम झाल्यावर अंग सुखावेल असं सगळीकडून मर्दन करावं. त्याच जागी तो आणखी एक सांगतो: बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्या माणसानंसुद्धा व्यायाम अर्ध्या शक्तीनं करावा, तोही थंडीत आणि वसंतात, बाकीच्या ऋतूंत त्याहून हलका. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात ४० अंशांच्या वर पारा असताना चढाचा हट्ट धरणाऱ्यांना मी हेच ऐकवते.

बाहेरून लावायच्या गोष्टींत तीन ठिकाणी मात्र सांभाळा. पहिली बिब्बा. दुखऱ्या जागी बिब्ब्याचा चटका द्यायची रीत आपल्या खेड्यांत अजून आहे. त्या तेलानं कातडी भाजते, फोड येतात, काळे डाग वर्षानुवर्षं राहतात. भरलेल्या स्नायूला त्याचा काडीचा उपयोग नाही. दुसरी रुईचं पान. गरम करून बांधतात, पण त्याचा चीक कातडीला झोंबतो आणि तोच हात डोळ्याला लागला तर डोळ्याला गंभीर इजा होते. निर्गुडी असताना रुईकडे जाऊच नका.

तिसरी गंधपुऱ्याचं तेल, म्हणजे विंटरग्रीन ऑइल. सायकलवाल्यांत ते फार चालतं आणि बाजारातल्या बऱ्याच बामांत हेच असतं. थोडं लावलं तर चालेल. पण लावून वर गरम शेक घ्यायचा नाही, खरचटलेल्या कातडीला लावायचं नाही, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी टाळायचं, कारण ते कातडीतून रक्तात उतरतं. घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात. शुद्ध गंधपुरा तेलाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलीलीटर, पोटात गेला तर तो सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनच्या, म्हणजे २० हून जास्त गोळ्यांच्या बरोबरीचा होतो. एवढ्यानं मूल दगावू शकतं. हे मी दवाखान्यात प्रत्येकाला सांगते आणि प्रत्येक जण दचकतो.

आता पोटात घ्यायचं.

हळद. आपल्या हिंगोली-वसमतच्या हळदीचा मला अभिमान आहे, पण हिशेब करून बघा. दळलेल्या हळदीत कुरकुमिन, म्हणजे तिचं गुणाचं द्रव्य, साधारण ३ टक्के असतं. दुधात सपाट चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळद घातली तरी ९० मिलिग्रॅमच्या आसपास पोटात जातं, आणि त्यातलंही रक्तात फार थोडं पोचतं. स्नायूंच्या दुखण्यावर ज्या अभ्यासांत थोडा फायदा दिसला, त्यांत अर्क काढून याच्या कितीतरी पट मात्रा दिली होती. मिऱ्यातल्या पिपरीनमुळे कुरकुमिन जास्त शोषलं जातं हे खरं, म्हणून चिमूटभर मिरपूड घाला. पण त्याच कारणासाठी हळद-मिऱ्याच्या अर्काच्या तीव्र कॅप्सूल घेऊ नका. त्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांतून आल्या आहेत. तुमच्या पेल्यात जास्त कामाचं आहे ते दूध. पावशेर दुधात ८ ग्रॅम प्रथिनं, आणि ते पिऊन तुम्ही वेळेवर आडव्या होता. चालू ठेवा. हळद मात्र ओळखीच्या शेतकऱ्याकडची किंवा हळकुंडं आणून घरी दळलेली घ्या. झगझगीत पिवळ्या रंगासाठी सुट्या हळदीत शिशाचा क्रोमेट मिसळल्याचं सापडलेलं आहे, आणि शिसं शरीरात गेलं की तिथेच मुक्काम करतं.

सुंठ-आलं. याला मी हळदीच्या वर ठेवते. अमेरिकेत २०१० साली झालेल्या एका अभ्यासात रोज २ ग्रॅम आलं ११ दिवस दिल्यावर, मुद्दाम दुखावलेल्या दंडाचं दुसऱ्या दिवशीचं दुखणं सुमारे २५ टक्क्यांनी कमी भरलं. कच्चं आणि तापवलेलं, दोन्हींचा गुण सारखाच आला. यातली मेख 'रोज' या शब्दात आहे. राइड झाल्यावर एकदा आल्याचा चहा घेऊन काही होत नाही. सुंठीचा छोटा चमचा रोज गुळाबरोबर किंवा ताकात घेतलात तर चालेल. पित्त उठत असेल तर सोडून द्या.

अश्वगंधा. हा तुमचा खरा प्रश्न आहे आणि उत्तर आहे: तुम्ही नाही घ्यायची.

वनस्पती चांगली आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ४० अव्वल सायकलपटूंपैकी निम्म्यांना रोज दोनदा ५०० मिलिग्रॅम मुळांचा अर्क आठ आठवडे दिला, तेव्हा त्यांचा दम वाढलेला दिसला. २०१५ साली ५७ तरुणांवरच्या अभ्यासात ३०० मिलिग्रॅम दोनदा, तेही आठ आठवडे, दिल्यावर व्यायामानंतर रक्तात दिसणाऱ्या स्नायूंच्या इजेच्या खुणा कमी भरल्या. अभ्यास छोटे आहेत, तरी मी त्यांना मानते. पण दोन्हीकडे आठ आठवडे लागले आहेत. मंगळवारच्या जिन्यासाठी सोमवारी घ्यायची ही गोळी नाही.

आणि तुमची थायरॉइडची गोळी चालू आहे. अश्वगंधा थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते. वरून गोळी आणि आतून अश्वगंधा असं झालं तर छाती धडधडणं, हात थरथरणं, झोप उडणं सुरू होईल, आणि चढावर धडधडणारी छाती तुम्ही श्रमाची समजाल. शिवाय यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी अश्वगंधाबद्दलही आहेत. डेन्मार्कनं तर २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. गरोदर बायकांनी तर नकोच. मैत्रिणीला डबी प्रेमानं परत करा. तिला थायरॉइड, साखर, रक्तदाब किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर तिनंही वैद्याला विचारूनच घ्यावी.

जाता जाता सांधेदुखीवर देतात त्या गुग्गुळाच्या गोळ्यांचं सांगते, कारण पुढचा सल्ला कुणीतरी तोच देणार. 'योगराज' आणि 'महायोगराज' ही नावं सारखी वाटतात, पण महायोगराज गुग्गुळात नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म असतं, बाकी भस्मंही असतात. ते दुकानातून आपल्या मनानं आणून खायचं औषध नाही. साध्या गुग्गुळाचाही थायरॉइडवर परिणाम होतो. सायकलच्या दुखण्यासाठी तुम्हाला दोन्हींची गरज नाही.

थायरॉइडचा विषय निघालाच आहे तर मला तुमची खरी काळजी कुठे वाटते ते सांगते. गोळी कमी पडत असेल तर स्नायू दुखतात, गोळे येतात, जडपणा राहतो आणि कष्टानंतर सावरायला फार वेळ लागतो. रक्तातली स्नायूंच्या इजेची खूणही वाढते. अशा बाईला कितीही तेल लावलं तरी दुखणं पुरतं जाणार नाही. तुमचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, शेवटची कधी केली? सहा महिन्यांच्या वर झाले असतील तर या आठवड्यात करून घ्या, सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ड जीवनसत्त्व. आपल्या भागात इतकं ऊन असून बायकांत ड जीवनसत्त्व कमी निघतं, हे मी रोज पाहते. आणि पहाटे सायकलला निघताना चहासोबत गोळी गिळत असाल तर ते बदला. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचं अंतर. सोयाबीनचं पीठ भाकरीत घालत असाल तर घाला, फक्त थायरॉइडच्या गोळीच्या जवळ नको.

आता ज्यानं स्नायू खरोखर भरून येतात त्याकडे. राइड संपल्यावर तुम्ही काय खाल्लंत, हे तुमच्या लांबलचक पत्रात कुठेच नाही.

दुरुस्तीला माल लागतो. रोज कष्टाची सायकल चालवणाऱ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. ५८ किलोच्या बाईला ७० ते ९० ग्रॅम. आपल्या घरातल्या बहुतेक बायका याच्या निम्म्यावर असतात, कारण घट्ट वरण शेवटी उरत नाही आणि अंडं मुलांच्या ताटात जातं. राइडहून आल्यावर तासाभरात ज्वारीच्या दोन भाकरी, वाटीभर पिठलं आणि पेलाभर दूध घेतलंत तर २५ ग्रॅमच्या पुढे सहज जाल. भाकरीचं पिष्ट हवंच, कारण चढावर मांड्यांतला साठा रिकामा झालेला असतो. अंडी खात असाल तर दोन अंडी, १२ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, ७-८ ग्रॅम. पाकिटातल्या पावडरीची तुम्हाला गरज नाही.

माझं माहेर औशाकडचं. आमच्याकडे येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात जी आंबील असते, ज्वारीचं पीठ आणि ताक आंबवून केलेली, ती मला लांब राइडनंतर आठवते. पाणी, मीठ, पिष्ट, थोडी प्रथिनं, आणि पोटाला शांत. सोबतच्या भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, पावट्याचे दाणे असतात. मी आता येळवसेची वाट बघत नाही, रविवारी करते. आंबिलीला मीठ जरा सढळ हातानं घालते, कारण घामातून मीठ गेलेलं असतं. रक्तदाबाची गोळी असलेल्यांनी मात्र मिठाचं आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आणि झोप. पहाटे साडेचारला उठायचं तर साडेनऊला अंथरूण. वह्या तपासायच्या राहिल्या तर राहू द्या. ताई, ८० किलोमीटर करून आल्यावर तुम्ही रविवारचा स्वयंपाक उभं राहून केलात का? माझ्याकडे येणाऱ्या सायकलवाल्या बायकांना मी हे विचारते आणि बहुतेक जणी मान खाली घालून 'हो' म्हणतात. त्यांचे नवरे त्या वेळी पाय वर करून पडलेले असतात, आणि दोघांनी केलेली राइड एकच असते. त्या दिवशीचा स्वयंपाक दुसऱ्या कुणी करावा. ही विनवणी मी तुमच्यातर्फे घरच्यांना करते आहे, हे पत्र त्यांना वाचून दाखवा.

उजव्या गुडघ्याला मात्र काहीही लावायचं नाही, आधी सीट बघायची. वाटीच्या पुढे दुखणं म्हणजे बहुतेक वेळा सीट खाली आहे, नाहीतर जड गिअरमध्ये दाबून पॅडल मारलेलं आहे. मला वाटतं तुमच्या बाबतीत दोन्ही असावं. पॅडल मारताना स्नायू आखडत काम करतो, ताणला जात नाही, म्हणून डोंगर पायी उतरल्यावर मांड्या जितक्या भरतात तितक्या सायकलनं सहसा भरत नाहीत. तुमच्या इतक्या भरल्या म्हणजे तुम्ही तो चढ ताकदीनं रेटलात. भिंतीला धरून सीटवर बसा, टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सर्वांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग नेहमीसारखा चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्याला २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो, तेवढा बरोबर. एकदम दोन इंच चढवू नका, दर राइडला थोडी थोडी. आणि चढावर हलका गिअर. सपाटीला मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांची सवय लावा, म्हणजे चढावरही पाय आपोआप हलके फिरवाल. सीट नीट करूनही तीन आठवड्यांत गुडघा दुखायचा थांबला नाही, किंवा त्यावर सूज आली, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

काही खुणा दिसल्या तर मात्र तेल, शेक, माझं सदर सगळं बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, मांड्या दगडासारख्या सुजल्या आणि हलवता येईनात, तर स्नायू फुटून त्यातला माल मूत्रपिंडात चाललाय असं समजावं. तिथे तासांचा हिशेब असतो. एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दुखणं असेल तर ती रक्ताची गुठळी असू शकते, तिला चुकूनही चोळू नका. आणि छातीत दुखलं किंवा भोवळ आली तर पुढचं किलोमीटर नाही.

या रविवारी म्हैसमाळ नको. दुखणं उतरलं असेल तर दौलताबादपर्यंत जाऊन या, हलक्या गिअरमध्ये, घाट न चढता. त्याच्या पुढच्या रविवारी खुलताबाद. म्हैसमाळ त्यानंतर, महिन्याभरानं. मधल्या दिवसांत दुखत असलं तरी वीस-तीस मिनिटं चाला किंवा सपाटीला सायकल फिरवा, पडून राहण्यापेक्षा बरं वाटेल. टीएसएचचा आकडा आला की मला कळवा, आणि सीट किती वर घ्यावी लागली तेही.